मेंदूत भिंती नाहीत, मग सरकारी फायलीत कशाला?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण तुमच्या घरात, नात्यात, बिल्डिंगमध्ये कुणाचं ‘डोक्याचं’ औषध चालू असेल तर दहा मिनिटं काढून वाचा. नसेल तरी वाचा.

मानसिक आजाराबद्दल आपल्या नाशकात दोन वाक्यं जोरात चालतात. पहिलं, ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत, मन घट्ट कर.’ दुसरं जरा शिकलेल्यांचं, ‘एकदाचा मेंदूचा स्कॅन करून टाकू, नक्की काय आजार आहे ते तरी कळेल.’ पहिलं वाक्य निफाड-येवल्याच्या ओट्यावर ऐकू येतं, दुसरं गंगापूर रोडच्या सोसायटीत. दोन्ही चुकीची आहेत. तिसरं वाक्य सरकारचं. ते कुणी तोंडाने बोलत नाही, फायलीवर लिहितात : ‘सदर बाब या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.’ हे तिसरं वाक्य सगळ्यात महागात पडतं.

आज या तिन्ही वाक्यांशी भांडायचंय. त्यासाठी आधी थोडं विज्ञान सांगावं लागेल. कंटाळू नका, अवघड नाही.

२०१५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अमित एटकिन यांच्या गटाने एक मोठं काम केलं. जगभरात आधी झालेले मेंदूच्या एमआरआयचे १९३ अभ्यास त्यांनी एकत्र केले. ७,३८१ रुग्ण आणि ८,५११ निरोगी माणसं. रुग्ण सहा प्रकारचे : स्किझोफ्रेनिया, बायपोलर, डिप्रेशन, व्यसन, ओसीडी म्हणजे मंत्रचळ, आणि चिंतेचे आजार. पुस्तकात या सहांचे सहा धडे वेगळे. डॉक्टरांच्या कागदावर सहा कोड वेगळे. मेंदूत मात्र तसं दिसलं नाही. सहाही प्रकारच्या रुग्णांमध्ये साधारण त्याच तीन जागी मेंदूचा करडा भाग, ज्याला ग्रे मॅटर म्हणतात, तो सरासरीने कमी भरला. एक जागा कपाळाच्या मागे, मधोमध. तिला सिंग्युलेट म्हणतात, तिचा पुढचा भाग. बाकीच्या दोन म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला घडीत दडलेला इन्सुला.

या जागा करतात काय? इन्सुला शरीराच्या आतल्या खबरा घेतो. काळजाची धडधड, पोटात पडलेला गोळा, भूक, घाबरणं. सिंग्युलेटचा पुढचा भाग लक्ष कुठे द्यायचं, चूक होतेय तर कुठे थांबायचं, एक विचार सोडून दुसऱ्याकडे कसं वळायचं, या कामात असतो. आता विचार करा. नैराश्यातला माणूस एकाच विचारात अडकतो. ओसीडीवाला दहाव्यांदा कुलूप बघून येतो. दारूवाल्याला नको हे कळतं आणि तरी पाय गुत्त्याकडे वळतात. बाहेरून तिघे किती वेगळे दिसतात, पण ‘थांब आणि वळ’ ही गोष्ट तिघांनाही जड जाते.

हा एकच अभ्यास असता तर मी पोस्ट लिहिली नसती. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अनुवंशशास्त्राचा प्रचंड मोठा अभ्यास आला. मेंदूच्या २५ आजारांचे अडीच लाखांहून जास्त रुग्ण. त्यात मानसिक आजारांची अनुवंशिक मुळं एकमेकांत चांगलीच गुंतलेली दिसली. पार्किन्सन, अल्झायमर यांसारख्या मज्जासंस्थेच्या आजारांची तेवढी नाही. २०२१ मध्ये ‘एनिग्मा’ या जागतिक गटाने २८,३२१ माणसांच्या मेंदूच्या सालीची जाडी मोजली. त्यात ऑटिझम आणि एडीएचडीसुद्धा धरून सहा आजार होते. तिथेही सगळ्यांत सामाईक असा एक नमुना सापडला.

२०२३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी तीच १९३ अभ्यासांची माहिती पुन्हा तपासली. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक अभ्यासात झीज नेमक्या त्याच ठिकाणी दिसत नाही, जागा विखुरलेल्या आहेत. पण त्या जागा ज्या तारांनी जोडलेल्या आहेत, ते जाळं एकच निघतं. मग त्यांनी व्हिएतनाम युद्धात डोक्याला आरपार जखमा झालेल्या १९४ सैनिकांची माहिती घेतली. ज्यांची जखम या जाळ्याशी जोडलेल्या जागी होती, त्यांच्यात एकापेक्षा जास्त मानसिक आजार असण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

महावितरणच्या भाषेत सांगतो. सिडकोत एका गल्लीत दिवे मिणमिणतात, दुसरीत पंखे हळू फिरतात, तिसरीत मोटार चालत नाही. तीन गल्ल्यांच्या तीन तक्रारी. पण फीडर एकच असू शकतो.

आता लगेच उड्या मारू नका. याच संशोधनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण बाजार तिथेच भरतो.

हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. हजारो रुग्णांची सरासरी आणि हजारो निरोगी लोकांची सरासरी यांत फरक दिसला. एका माणसाचा एमआरआय हातात घेऊन ‘याला डिप्रेशन आहे’ असं जगातला कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकत नाही. २०२२ मध्ये जर्मनीत १,८०९ लोकांचा अभ्यास झाला, निम्म्याच्या आसपास डिप्रेशनचे रुग्ण आणि बाकी निरोगी. मेंदूच्या मोजमापांत दोन्ही गट एकमेकांवर ८७ ते ९५ टक्के बसत होते. म्हणजे फोटोंची गड्डी मिसळून टाकली तर कोणता कुणाचा हे ओळखता येणार नाही.

शिवाय झीज आधी की आजार आधी, हे असल्या फोटोवरून ठरत नाही. वर्षानुवर्षांची दारू, तंबाखू, झोपेचं खोबरं, काही औषधं, लहानपणी खाल्लेला मार, सततचा ताण, या सगळ्यांचा मेंदूवर परिणाम होतो. उलटही होतं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहराच्या हजारो गल्ल्या पाठ कराव्या लागतात. त्यांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा एक भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं २००० सालीच दिसलं होतं. तेव्हा मेंदूची रचना म्हणजे सटवाईने कपाळी लिहिलेलं नाही. आयुष्य मेंदू घडवतं आणि मेंदू आयुष्य.

मग या संशोधनाचा नाशिकच्या माणसाला उपयोग काय? चार ठिकाणी आहे. एकेक घेतो.

पहिली गोष्ट, निदान बदलणं.

मध्यंतरी निफाड तालुक्यात द्राक्षाच्या बातमीसाठी फिरत होतो. एका घरात चहा झाल्यावर घरातल्या ताईंनी आतून कापडी पिशवी आणली आणि माझ्यासमोर ओतली. नऊ वर्षांचे कागद. धाकट्या दिराचे. आधी ‘डिप्रेशन’, मग ‘बायपोलर’, मग ‘सायकोसिस’, शेवटच्या कागदावर पुन्हा वेगळंच नाव. ताई म्हणाल्या, “दादा, नऊ वर्षांत चार नावं दिली यांनी. डॉक्टरांनाच कळंना, तर आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?” घरच्यांनी ठरवून टाकलं होतं की सगळे लुटारू. औषध बंद. कुणाच्या तरी सांगण्यावरून दर अमावास्येला गाडी करून एका बाबाकडे वाऱ्या सुरू.

त्या बाईंना कुणीतरी नऊ वर्षांत पाच मिनिटं बसवून सांगायला हवं होतं, की ताई, हे आजार तुमच्या बांधासारखे आखलेले नसतात. मेंदूत त्यांच्या हद्दी एकमेकांत मिसळतात. विसाव्या वर्षी नैराश्य म्हणून दिसलेलं पंचविसाव्या वर्षी बायपोलर म्हणून उलगडू शकतं. नाव बदललं म्हणजे आधीचा डॉक्टर चोर होता, असं नाही. आजाराचं चित्र काळाबरोबर पूर्ण होतं. हे सांगितलं असतं तर औषध बंद पडलं नसतं, असं मी छातीठोक सांगत नाही. पण ‘डॉक्टरांनाच कळत नाही’ हे वाक्य त्या घरात एवढं मोठं झालं नसतं.

बाबा लोकांचं फावतं ते इथेच. त्यांचं निदान कधी बदलत नाही. ‘बाहेरचं आहे’ म्हणजे बाहेरचंच आहे. लोकांना ठाम माणूस आवडतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण धुरी न देता नुसतं ‘औषधं बंद करा’ म्हणणाऱ्या बाबाचं काय? तो तर गोड बोलून जास्त नुकसान करतो. त्याला पोलीस ठाण्यात नाही, ओपीडीत उत्तर द्यावं लागतं. आणि ओपीडीत वेळ तीन मिनिटं.

दुसरी गोष्ट, मेंदूच्या फोटोचा धंदा.

‘मेंदू’ हा शब्द आला की लोक खिशात हात घालतात, हे बाजाराला पक्कं कळलंय. मुलाचं लक्ष लागत नाही? ब्रेन मॅपिंग करा. मुलगी चिडचिड करते? ब्रेन मॅपिंग. बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी तर शाळांच्या पालकसभेत विकली जाते. रंगीत पन्नास पानांचा अहवाल, वर मुलाचा फोटो, आत गोलगोल वाक्यं. भारतीय मनोचिकित्सकांच्या संघटनेने या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलेलं आहे. तरी पालक हजारो रुपये मोजतात, कारण शेजारच्यांनी मोजले.

नीट समजून घ्या. डोक्याला मार लागला, अचानक फिट आली, म्हातारपणी अचानक वागणं बदललं, तर डॉक्टर सांगतील तो स्कॅन जरूर करा. तो गाठ, रक्तस्राव, जंतुसंसर्ग नाही ना, हे बघायला असतो. पण डिप्रेशन आहे की बायपोलर, एडीएचडी आहे की चिंता, हे स्कॅनमधून सांगतो म्हणणारा तुम्हाला फसवतोय. पंधरा-पंधरा हजार माणसं एकत्र केल्यावर जो फरक जेमतेम दिसतो, तो याला तुमच्या पोराच्या एका फोटोत कुठून दिसला?

याच महाराष्ट्रात मेंदूच्या तपासणीवर आंधळा विश्वास ठेवून काय होतं हे आपण बघितलंय. २००८ साली पुण्याच्या न्यायालयात एका खून खटल्यात जन्मठेपेची शिक्षा झाली, तेव्हा पुराव्यांमध्ये डोक्याला तारा लावून केलेल्या ‘ब्रेन मॅपिंग’चाही आधार होता. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही पद्धत शास्त्रीय नाही, ती पुरावा म्हणून वापरू नये, असं सांगितलं. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की माणसाच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. जे यंत्र आरोपीच्या डोक्यातलं सांगू शकत नाही, ते तुमच्या आठवीतल्या पोराच्या डोक्यातलं सांगेल होय?

तिसरी गोष्ट, आणि माझं खरं भांडण इथे आहे. सरकारचे कप्पे.

२०१५ च्या त्या यादीत व्यसनही होतं, हे लक्षात ठेवा. मेंदूच्या पातळीवर व्यसन आणि नैराश्य सख्खे शेजारी आहेत. आता सरकारकडे बघा. मानसिक आरोग्य सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. व्यसनमुक्ती सामाजिक न्याय विभागाकडे. लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी बाल स्वास्थ्य कार्यक्रमात. शाळेतलं समुपदेशन शिक्षण विभागाकडे. एका मेंदूचे चार वारसदार, आणि जबाबदारीच्या उताऱ्यावर कुणाचंच नाव नाही.

याचा अर्थ सातपूरच्या एका कामगाराच्या बायकोला विचारा. नवरा दारूही पितो आणि रात्री रडतही बसतो. व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं, “आधी डोक्याचा इलाज करून आणा, असा पेशंट आम्ही ठेवत नाही.” डोक्याच्या डॉक्टरांकडे सांगितलं, “आधी दारू सुटू दे, मग बघू.” बाईने दोन्हीकडच्या चकरा मारून कामाचे सहा खाडे केले. माणूस एक, आजार एकमेकांत मुरलेले, आणि यंत्रणा म्हणते आधी निम्मा माणूस घेऊन या.

२०२३ च्या ऑक्टोबरात शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, मुंबईहून पोलीस येऊन धाड टाकून गेले, तेव्हा काय गदारोळ झाला होता आठवतं? ३०० कोटींचा माल, मोर्चे, पत्रकार परिषदा, एकमेकांवर आरोप. कारखान्यावर आपण महिनाभर बोललो. तो माल ज्यांच्या नाकात गेला, त्या पोरांच्या उपचारावर किती दिवस बोललो? रॅली निघाल्या, शाळांत शपथा झाल्या. व्यसन लागलेल्या पोराला शपथेने बरं वाटत असतं तर जगात दारूचं एक दुकान उरलं नसतं.

राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. उत्तर महाराष्ट्राच्या वाट्याला एकही नाही. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात आहे, अख्ख्या महाराष्ट्राचे डॉक्टर इथल्या पदव्या घेतात, आणि सुरगाण्याच्या बापाला गंभीर आजारी पोराला घेऊन ठाणे गाठावं लागतं. मला नवीन मोठं मनोरुग्णालय बांधून हवंय असं नाही. भिंतीआड माणसं ठेवायचा जमाना गेला. मला तालुक्याच्या ठिकाणी नियमित डॉक्टर आणि न संपणारी औषधं हवीत. कुंभमेळ्यासाठी रस्ते होतायत, घाट होतायत, होऊ द्या. त्यातला एक रस्ता सुरगाणा-पेठच्या माणसाच्या औषधापर्यंतही जाऊ द्या.

आकडे विचाराल तर २०१५-१६ मध्ये निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. १०० प्रौढांपैकी साधारण १४ जणांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार, १० ते ११ जणांना त्या वेळी चालू. उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के. ही पाहणी १२ राज्यांत झाली आणि त्या १२ मध्ये महाराष्ट्र नव्हता. म्हणजे एवढ्या मोठ्या पाहणीतूनही आपल्या राज्याचा, आपल्या जिल्ह्याचा आकडा मिळतच नाही. द्राक्षाच्या निर्यातीचा कंटेनर न् कंटेनर मोजणारा जिल्हा आहे हा.

चौथी गोष्ट, शेतकरी. इथे शब्द जपून वापरतो.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं : नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा. पंचनाम्यात व्यसन किंवा आजार असा शब्द आला, की प्रकरण ‘अपात्र’कडे झुकायला लागतं. म्हणून घरचे आजार लपवतात. मेल्यावरही लपवतात. बायको सांगते, “त्यांना काही नव्हतं हो.” तिला माहीत असतं की दोन वर्षं तो झोपला नव्हता.

या पात्र-अपात्रमागे एक समज आहे : माणूस एक तर परिस्थितीने मरतो, नाही तर डोक्याच्या आजाराने. दोन्ही एकदम होऊ शकत नाही. मेंदूचं विज्ञान या समजुतीच्या बरोबर विरुद्ध बोलतं. कांद्याचा भाव पडला, सोसायटीची नोटीस आली, झोप उडाली, झोपेसाठी घोट सुरू झाला, घोटाने नैराश्य वाढलं. यातला कुठला टप्पा ‘परिस्थिती’ आणि कुठला ‘आजार’? मेंदूत सगळं एकाच जागी येऊन साठतं. कर्ज हे कारण आणि नैराश्य हा त्याचाच मार्ग असू शकतो. अशा घराला आजाराची नोंद झाली म्हणून लाखभर रुपये नाकारणं म्हणजे त्याचं दुखणं खरं होतं हाच त्याचा गुन्हा ठरवणं.

२०१५ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत. तिथे गरज होतीच, वाद नाही. पण दुःखाला महसूल विभागाची हद्द नसते. नांदगाव-येवल्याचा कोरडवाहू शेतकरी आणि शेजारच्या मराठवाड्यातला शेतकरी यांच्यामध्ये फक्त एक पाटी आहे.

आता आक्षेप. कमेंटमध्ये येणारच आहेत, आधीच घेतो.

एक म्हणेल, “म्हणजे निदानाची नावं खोटी. मग औषधं तरी का घ्यायची?” नाही भाऊ. हद्दी मिसळतात म्हणजे गावं नाहीत असं होत नाही. नावाला आजही अर्थ आहे. बायपोलरमध्ये लिथियमचा उपयोग होतो, आणि त्याच रुग्णाला चुकून नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो उसळू शकतो. म्हणून नीट निदान लागतंच. पण हेही बघा, की एकाच गटातल्या गोळ्या डिप्रेशनला, चिंतेला आणि ओसीडीलाही चालतात. डॉक्टर लोक व्यवहारात ही मिसळण कधीचीच ओळखून आहेत. तेव्हा ही पोस्ट वाचून कुणीही स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी चुकवू नका.

दुसरा म्हणेल, “मेंदूतच फरक आहे, मग हा माणूस कायमचा गेला.” हे तर सगळ्यात घातक. सरासरीने थोडा कमी भरलेला करडा भाग म्हणजे जन्मठेप नव्हे. गुडघा झिजलेली माणसं वणीचा गड चढतात. औषध, बोलणं, झोप, काम, घरच्यांची साथ, यांनी माणसं उभी राहतात, संसार करतात. तुमच्या ऑफिसात अशी दोन माणसं बसलेली असतील आणि तुम्हाला पत्ता नसेल.

तिसरा म्हणेल, “स्कॅनमध्ये दिसतच नाही, मग आजार खरा कशावरून?” याला उत्तर आपल्या कायद्यातच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांत मानसिक आजार आहे. त्याचं प्रमाणपत्र देताना ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीने बघतात की माणूस स्वतःची निगा राखतो का, लोकांशी नीट राहतो का, बोलणं-समजणं कसं आहे, काम करू शकतो का, आणि आजार किती वर्षांचा आहे. एमआरआयची अटच नाही. माणसाचं जगणं किती अडलंय हे बघा, एवढं साधं सूत्र. तेच सूत्र ओपीडीत, विम्यात, शेतकऱ्याच्या पंचनाम्यात का नाही?

विम्याचं निघालं म्हणून सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ म्हणतं, की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही दिला पाहिजे. कंपनीचा माणूस फोनवर ‘ते कव्हर होत नाही सर’ म्हणाला तर त्याला कलम सांगा आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की भाषा मऊ होते.

आमच्या पत्रकारांच्या धंद्याचंही सांगितलं पाहिजे. ‘माथेफिरूचा हल्ला’, ‘मनोरुग्णाचा धुडगूस’ ही हेडिंगं अजून सर्रास लागतात. निदान कुणी केलेलं नसतं, पोलीस हवालदार बोलला की झालं. मधुमेही माणसाने चोरी केली तर ‘मधुमेह्याची घरफोडी’ असं कुणी छापत नाही. ही हेडिंगं वाचूनच निफाडच्या ताई दिराचा आजार पिशवीत लपवून ठेवतात.

मागणी काय? ओरडून झालं, आता नेमकं सांगतो.

एक, जिल्ह्यात व्यसन आणि मानसिक आजार यांचा केसपेपर एकच असावा, खिडकी एकच असावी. कुठल्याही दारातून माणूस आला तरी ‘आधी ते बरं करून या’ हे उत्तर बंद.

दोन, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मानसोपचाराची ओपीडी, आणि नेहमीच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा. साठा किती आहे ते दारावर फळ्यावर लिहा.

तीन, शाळांत ब्रेन मॅपिंग, ठशांच्या चाचण्या विकायला शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी मनाई करावी. शाळेच्या आवारात दुकान नको.

चार, शेतकरी आत्महत्येच्या पंचनाम्यात आजार किंवा व्यसनाची नोंद हे अपात्रतेचं कारण धरू नये.

पाच, निदान बदललं तर ते का बदललं, हे मराठीत दोन ओळींत लिहून रुग्णाच्या घरच्यांना द्यावं. याला एक रुपया खर्च नाही.

जिल्ह्यात १५ आमदार आहेत. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचे फ्लेक्स लागतात, त्यावर त्यांतले काही हसतानाही दिसतील. तुमच्या आमदारांना या पाचपैकी कुठलीही एकच मागणी विचारा. फोनवर विचारा, लग्नात भेटले तर विचारा, वाढदिवसाला हार घालताना विचारा. “साहेब, आपल्या तालुक्यात डोक्याच्या गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे?” उत्तर आलं तर इथे कमेंटमध्ये टाका. नाही आलं तरी टाका, तारीख घालून.

आणि हे वाचणाऱ्यांत कुणाला स्वतःलाच जीव नकोसा झाला असेल, तर आत्ता १४४१६ ला फोन लावा. टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. आजाराचं नाव काय, हा प्रश्न नंतरचा. फोन आधी.